सजीवांच्या जाती : उगम आणि वंशावळ

कोयना धरणाच्या परिसरात आढळलेल्या एका लहानशा भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची नोंद ‘ब्यूफो’ या दूरवर पसरलेल्या विस्तीर्ण वंशाखाली झाली, आणि त्या काळी हाती असलेल्या पुराव्याच्या मानाने ती रास्तच होती. पुढे २००९ साली एस. डी. बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबोलीच्या, अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या दुसऱ्या एका भेकाचे वर्णन केले. त्या वेळी दोघांची शरीररचना आणि जनुकद्रव्य ताडून पाहता, हे दोघे एकमेकांचे अगदी निकटचे आप्त असून उरलेल्या गोतावळ्यापासून फार पूर्वीच वेगळे पडले आहेत, असे निष्पन्न झाले. त्यांच्यासाठी ‘झँथोफ्रायनी’ हा नवा वंश स्थापन करण्यात आला आणि कोयनेचा भेक जुन्या खात्यातून खारीज होऊन नव्या खात्यात दाखल झाला. मधल्या काळात त्याच्या अंगात कोणताही पालट झाला नव्हता. पालटली होती ती त्याच्या नात्यागोत्यांविषयीची आपली समजूत. जाती म्हणजे काय, ती निर्माण कशी होते, आणि निर्माण झालेल्या जातींची मांडणी कोणत्या न्यायाने करावी, हे तीन प्रश्न ग्रंथांतून बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत वाटून टाकलेले आढळतात. तत्त्वतः ते एकाच प्रश्नाचे तीन पैलू आहेत आणि तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंच्या उत्तरांतूनच निघते, असे माझे मत असल्यामुळे पुढील आढावा त्याच दृष्टीने घेतला आहे.

मांडणीचा इतिहास पाहू लागले की स्वीडनच्या कार्ल लिनीयसपाशी यावेच लागते. वनस्पतींसाठी १७५३ साली आणि प्राण्यांसाठी १७५८ साली प्रसिद्ध झालेले त्याचे ग्रंथ आजही शास्त्रीय नामकरणाचा आरंभबिंदू मानले जातात. वंशाचे एक आणि जातीचे एक अशा दोन शब्दांनी प्रत्येक सजीवाचा निर्देश करण्याची त्याने रूढ केलेली वहिवाट अद्याप कोणी मोडलेली नाही, आणि वंशांवर गण, गणांवर वर्ग अशी चढती श्रेणी त्यानेच नीट बसवून दिली. तथापि हे दप्तर त्याने एकट्याने आणि युरोपातच भरले असे समजणे अन्यायाचे होईल. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड याने सिद्ध केलेला आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ लिनीयसच्या हाताशी होता, आणि भारतीय वनस्पतींच्या बाबतीत त्याची मोठी भिस्त त्यावर होती. या ग्रंथाच्या घडणीत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याइतकाच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचाही वाटा असून त्यांनी दिलेला कोकणी भाषेतील आणि नागरी लिपीतील दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. आपल्या किनारपट्टीवरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वनस्पतिज्ञान अशा रीतीने आधुनिक वर्गीकरणाच्या पायात गेले आहे, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत एका ओळीनेही येऊ नये याचे मला फार वाईट वाटते.

लिनीयसची मूळ धारणा अशी, की सृष्टीच्या आरंभी जेवढी रूपे निर्माण झाली तेवढ्याच जाती आज आहेत. या धारणेला पहिला तडा त्याच्या हयातीतच, त्याच्या स्वतःच्या लेखणीने गेला. एका परिचित रानफुलाच्या रोपावर नेहमीच्या दोन ओठांसारख्या आकाराऐवजी चहू बाजूंनी सारखी अशी फुले आलेली त्याच्या पाहण्यात आली, तेव्हा त्याने १७४४ साली त्यांवर प्रबंध प्रसिद्ध करून ती एका नव्याच रूपाची उत्पत्ती असल्याचे आश्चर्य व्यक्त केले. आणि उत्तरायुष्यात तर संकरातून नव्या जाती होत असाव्यात, असे तो उघडपणे म्हणू लागला. शास्त्राच्या इतिहासात स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारा पुरावा इतक्या प्रामाणिकपणे नोंदवणारी माणसे थोडी.

यानंतरचा मोठा टप्पा सर्वपरिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. गालापागोस बेटांवरून १८३५ साली आणलेल्या पक्ष्यांची तपासणी जॉन गूल्डने १८३७ च्या आरंभी केली आणि डार्विनने परस्परांहून दूरच्या कुळांतले समजून ठेवलेले ते लहान पक्षी वस्तुतः एकाच गोत्रातले, पण चोचींनी निरनिराळे असे फिंच आहेत, हे दाखवून दिले. त्याच वर्षी डार्विनच्या टिपणवहीत फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाची ती प्रसिद्ध आकृती उमटली. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५५ साली सारावाकमधून लिहिलेल्या निबंधात असा नियम मांडला, की प्रत्येक नवी जाती तिच्याशी निकटचे साधर्म्य असलेल्या आधीच्या जातीच्या सान्निध्यात, काळाने आणि स्थळाने लगत अशीच उदयाला येते. दोघांचे लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनीयन सोसायटीपुढे एकत्र वाचले गेले आणि पुढच्या वर्षी डार्विनचा ग्रंथ निघाला. त्या संबंध ग्रंथात आकृती अशी एकच आहे आणि ती वंशविस्ताराची आहे, याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते; कारण नैसर्गिक निवडीच्या चर्चेच्या धामधुमीत, वर्गीकरण म्हणजे वंशावळच होय हा डार्विनचा दुसरा तितकाच मोठा सिद्धान्त पुष्कळ काळ मागे पडला.

तरीही एक अवघड गाठ सुटायची राहिलीच होती. निवडीमुळे एखादी जाती हळूहळू बदलत जाईल हे समजते. पण एकीच्या दोन का व्हाव्यात? या प्रश्नाला नेमके रूप आले ते १९३७ साली थिओडोशियस डॉबझान्स्की आणि १९४२ साली अर्न्स्ट मायर यांच्या ग्रंथांमुळे. न्यू गिनीच्या आर्फाक डोंगरांत पक्षी गोळा करीत असता, मायरला ज्या १३७ जाती तेथे आढळल्या त्यांपैकी १३६ जातींना तेथील रहिवाशांच्या भाषेत स्वतंत्र नावे होती, असे त्याने पुढे नमूद केले. जाती ही केवळ संग्रहालयातील पंडितांच्या सोयीसाठी पाडलेली कप्प्यांची वाटणी नसून निसर्गात प्रत्यक्ष असलेली वस्तू आहे, हा त्याचा विश्वास या अनुभवाने दृढ झाला. ज्या समूहातील प्राणी आपसांत प्रजनन करतात वा करू शकतात, आणि तशा दुसऱ्या समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने तुटलेले असतात, तो समूह म्हणजे जाती, अशी त्याची व्याख्या. तेव्हा नव्या जातीचा उगम म्हणजे प्रजननाच्या सरहद्दीचा उगम. आणि अशी सरहद्द प्रथम बहुधा भूगोलच आखतो, असे मायरचे प्रतिपादन होते.

याचा अतिशय सुबक दाखला पनामाच्या संयोगभूमीवर मिळतो. सुमारे तीस लक्ष वर्षांपूर्वी ही चिंचोळी भूमी वर येऊन दोन महासागरांतील पाण्याची ये-जा बंद झाली, आणि पूर्वी एकाच समुद्रात नांदणारी, नांगीचा टणत्कार करणारी छोटी कोळंबी दोन्ही बाजूंना विभागली गेली. नॅन्सी नोल्टन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन्ही किनाऱ्यांवरच्या जोड्या एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा अलीकडच्या नराने पलीकडच्या मादीशी सलगी करण्याऐवजी तिच्यावर नांगी उगारण्याचेच प्रकार बहुतांशी घडले. कोणी भांडण लावून दिले नव्हते. केवळ दीर्घ वियोगाने परस्परांची ओळख पुसली गेली होती. जी खोल पाण्यात राहणारी, म्हणून आधी विभागली गेलेली कोळंबी, तिच्यात हा दुरावा अधिक, आणि उथळ पाण्यातली, अखेरपर्यंत मिसळत राहिलेली, तिच्यात कमी, हा तपशील तर फारच बोलका आहे.

वियोगाचे परिणाम चालू काळात पाहण्याचे भाग्य पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याला लाभले. गालापागोसमधील डॅफ्नी मेजर या ओसाड बेटावर १९७३ पासून त्यांनी फिंच पक्ष्यांची एकेकाची नोंद ठेवली. १९७७ च्या भीषण अवर्षणात मऊ बिया संपल्या आणि कठीण बी फोडू शकणाऱ्या जाड चोचीचे पक्षीच प्रामुख्याने तगले. त्यांच्या पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने अधिक जाड भरल्या. परंतु या बेटाने खरा नवलाचा पुरावा दिला तो पुढे. १९८१ साली शंभरावर किलोमीटर अंतरावरच्या एस्पान्योला बेटावरून एक मोठा नर येथे येऊन पडला, त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली, आणि त्याच्या संततीचे गाणे व चोच दोन्ही इतरांहून निराळी असल्यामुळे ती पुढे आपल्या आपल्यातच जोड्या करू लागली. अवघ्या दोन-तीन पिढ्यांत एक अलग कूळ उभे राहिले. त्याचा जनुकीय पुरावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. याला आजच स्वतंत्र जाती म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत आणि ते असणे योग्यही आहे, कारण इतके तरुण कूळ टिकेल की पुन्हा शेजाऱ्यांत विरघळेल हे पुढचा काळच ठरवील. तरी सरहद्द कशी पडते हे माणसाने डोळ्यांनी पाहिले, एवढे निर्विवाद आहे.

भूगोलाची भिंत प्रत्येक वेळी लागतेच असेही नाही. उत्तर अमेरिकेत तेथल्या रानटी काटेरी झुडपाच्या फळांवर पोसणारी एक माशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसाहतवाल्यांनी आणलेल्या सफरचंदांवर उतरली. दोन्ही फळांच्या पिकण्याचा हंगाम एक नव्हे, आणि या माशा ज्या फळावर वाढतात त्याच फळावर जोडी जमवतात. त्यामुळे एकाच रानात राहूनही दोन समूह अलग होऊ लागले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचे प्रकरण याहून भव्य आणि करुण आहे. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडे पडले होते, आणि त्यानंतर तेथे सिक्लिड माशांच्या सुमारे पाचशे जाती झाल्या. ही भरभराट शून्यातून झाली नाही. त्यांच्या पूर्वजांत दोन निरनिराळ्या शाखांचा संकर होऊन जुन्या भेदांचा साठा आधीच जमा झाला होता, असे अलीकडील जनुकीय तपासात दिसून आले आहे. यांतील कित्येक जातींतील मादी नराला त्याच्या रंगावरून ओळखते. किनाऱ्यावरची शेती आणि वस्ती यांमुळे पाणी गढूळ होऊ लागले तसे रंग ओळखेनासे झाले आणि अलग जाती पुन्हा एकमेकींत मिसळू लागल्या. बाहेरून आणून सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या माशाने खाऊन संपवलेल्या जाती वेगळ्याच. जी सरहद्द केवळ स्वच्छ प्रकाशावर उभी होती ती चिखलाने मोडली, हे वाचताना मन खिन्न होते.

वनस्पतींत तर नवी जाती एकदोन पिढ्यांतही होऊ शकते. दोन जातींच्या संकरातून आलेले रोप बहुधा वांझ असते, कारण गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत. पण क्वचित सगळीच गुणसूत्रे दुप्पट झाली तर जोड्या जुळतात, रोप बी धरते, आणि दोन्ही आईबापांशी मात्र त्याचा संकर फळत नाही. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन परिसरातील खाजणात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक गवत अशा रीतीने उदयाला आले. आपल्या घरातला दाखला हवा असेल तर गव्हाचा घ्यावा. ज्या खपली गव्हाची खीर आपल्याकडे आवडीने करतात, त्याची गुणसूत्रे २८. १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताशी त्याच्या आप्ताचा संकर होऊन आणि गुणसूत्रे दुप्पट होऊन पोळीचा ४२ गुणसूत्रांचा गहू सिद्ध झाला. ज्या धान्यावर जगातील कोट्यवधी माणसे जगतात ती जाती माणसाच्या शेताच्या आसपास, माणसाच्या काळात झालेली आहे.

इतके सारे मार्ग एकदा ध्यानात आले, की मायरच्या व्याख्येने सर्व प्रसंग निभावणार नाहीत हे उघड होते. जीवाणूंसारख्या, नर-मादीवाचून वाढणाऱ्या सजीवांना ती लागूच पडत नाही, अश्मीभूत प्राण्यांची प्रजननपरीक्षा घेता येत नाही, आणि हिमालय व तिबेटच्या पठाराला वळसा घालून पसरलेल्या हिरवट पर्णवटवट्याच्या बाबतीत तर ती अडखळतेच. हिवाळ्यात भारतात उतरणारा हा चिमुकला पक्षी दक्षिणेकडून पश्चिमेने आणि पूर्वेने वर सरकत गेला. शेजारशेजारच्या टापूंतील पक्ष्यांची गाणी हळूहळू बदलत जातात, पण सैबेरियात दोन्ही टोके पुन्हा भेटतात तेव्हा तेथील दोन समूह एकमेकांचे गाणे ओळखत नाहीत आणि जोड्याही करीत नाहीत. टाइसहर्स्टने १९३८ साली सुचवलेली आणि डॅरेन अर्विन याने २००१ साली गाण्यांच्या व जनुकांच्या आधारे पारखलेली ही कैफियत पुढील तपासात काहीशी गुंतागुंतीची ठरली. या वर्तुळात पूर्वी काही खंड पडले होते आणि पुढे मिसळणही झाली होती, असे दिसते. तरीही येथे एक आहे की दोन, याला ठाम उत्तर नाही. काही विद्वानांना हा शास्त्राचा दोष वाटतो. मला तो उत्क्रांतीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा वाटतो. कारण जाती जर खरोखर क्रमाक्रमाने अलग होत असतील, तर पृथ्वीच्या पाठीवर कोणत्याही क्षणी काही समूह अर्ध्या वाटेवर सापडलेच पाहिजेत, आणि सर्वच सरहद्दी स्पष्ट आढळल्या असत्या तर डार्विनच्या सिद्धान्ताविषयीच शंका घ्यावी लागली असती.

आता मांडणीकडे वळू. वतनाच्या दाव्यात वारस ठरवताना कोण कोणासारखा दिसतो हे न पाहता कोणाची शाखा कोठे फुटली हे जसे पाहिले जाई, तसाच न्याय सजीवांच्या वर्गीकरणाला कठोरपणे लावण्याचे श्रेय जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याचे. त्याचा ग्रंथ १९५० साली जर्मनमध्ये आणि १९६६ साली इंग्रजीत निघाला. त्याचे म्हणणे असे, की साम्य दोन प्रकारचे असते : फार जुन्या पूर्वजाकडून सर्वांनाच मिळालेले, आणि एखाद्या अलीकडच्या पूर्वजात नव्याने उद्भवून केवळ त्याच्या वंशजांत उतरलेले, यांपैकी दुसरेच नात्याचा पुरावा होऊ शकते. पाठीचा कणा असणे हे गाय आणि घोडा यांच्या विशेष नात्याचे गमक नव्हे, कारण तो माशालाही आहे; केस आणि दूध ही मात्र सस्तन प्राण्यांची स्वतःची मिळकत होय. शिवाय हेनिगने असा दंडक घातला, की ज्या गटात एका पूर्वजाचे सर्व वंशज येत नाहीत तो गट मान्य करू नये. या दंडकाने मोठी उलथापालथ झाली. मगर पालीपेक्षा पक्ष्यांना अधिक जवळची आहे. तेव्हा मगर, पाल, साप आणि कासव यांना सरपटणारे प्राणी म्हणून एकत्र बांधून पक्ष्यांना बाहेर ठेवणे वंशावळीच्या दृष्टीने गैरवाजवी ठरले. खुद्द मायरने या पद्धतीला विरोध केला; पंख, पिसे आणि उष्ण रक्त अशी प्रचंड मजल मारलेल्या पक्ष्यांचे वेगळेपण मांडणीत दिसू नये काय, असा त्याचा सवाल होता. त्या सवालात तथ्य आहे. परंतु वेगळेपणाचे माप प्रत्येक पंडिताच्या नजरेप्रमाणे बदलते आणि शाखा कोठे फुटली हा प्रश्न पुराव्याने सुटू शकतो, म्हणून हेनिगची बाजू मला अधिक बळकट वाटते, आणि बहुतेक वर्गीकरणशास्त्रज्ञांनीही गेल्या काही दशकांत तीच पत्करली आहे.

देवमाशाची कहाणी या पद्धतीची उत्तम कसोटी आहे. लिनीयसने १७५८ साली त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवले, हे मोठेच धाडस. पण सस्तनांत त्याचे सोयरे कोण, हे कोडे दोन शतके सुटले नाही. १९९० नंतर जनुकद्रव्याच्या तुलनेने असे दाखवले, की पाणघोडा त्याचा हयात असलेला सर्वांत जवळचा आप्त आहे. हाडांचे अभ्यासक प्रथम हे मानीनात. २००१ साली पाकिस्तानातील प्राचीन, पाय असलेल्या देवमाशांचे घोट्याचे हाड सापडले आणि ते हरीण-डुकरांसारख्या समखुरी प्राण्यांच्या घोट्याच्या घडणीचे निघाले. जम्मू प्रदेशातील कालाकोटच्या परिसरात भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवलेल्या दगडांतून ‘इंडोहायस’ या मांजराएवढ्या खुरी प्राण्याची कवटी बाहेर आली आणि तिच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी भरली, हे २००७ साली प्रसिद्ध झाले. जनुकांनी आणि दगडांनी स्वतंत्रपणे दिलेल्या साक्षी अशा तंतोतंत जुळाव्यात, याहून वंशावळीच्या खरेपणाचा अधिक भक्कम पुरावा कोणता?

सूक्ष्मजीवांत ही उलथापालथ आणखी खोल गेली. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली पेशीतील रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून, जीवाणूंसारखेच दिसणारे पण वंशाने त्यांच्यापासून अतिशय दूर असे ‘आर्किया’ निराळे काढले. पूर्वी जिच्यात वनस्पती आणि प्राणी अशी प्रमुख वाटणी होत असे, त्या साऱ्या दृश्य सृष्टीला या नव्या वंशावळीत एका शाखेच्या टोकाची जागा मिळाली. जीवाणू आपापसांत जनुकांची देवघेव शेजाऱ्याशीही करतात, त्यामुळे तेथे वंशावळीचे झाड ठिकठिकाणी जाळ्यासारखे होते, हेही मान्य करावे लागते.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातून २००३ साली आलेला दाखला तर भूगोल, जातिनिर्मिती आणि वर्गीकरण या तिन्ही धाग्यांना एकत्र बांधतो. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा आणि पावसाच्या आरंभी प्रजननापुरता वर येणारा, फुगीर अंगाचा जांभळट बेडूक बिजू आणि फ्रँकी बॉस्यूट यांनी वर्णिला, आणि त्याच्यासाठी संबंध नवे कुल स्थापन करावे लागले. त्याचे सर्वांत जवळचे आप्त भारतात कोठेच नाहीत. ते हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. खाऱ्या पाण्यातून बेडूक एवढा प्रवास करीत नाहीत. ही बेटे आणि भारतभूमी एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विलग झाले, ही भूगर्भशास्त्राची नोंद या बेडकाच्या नात्याशी जुळते.

या सर्व मांडणीचा आधार मात्र अखेर संग्रहालयाच्या कपाटांत आहे. प्रत्येक नव्या नावामागे एक प्ररूप नमुना जपून ठेवावा लागतो आणि पुढील प्रत्येक वाद त्याच्याशी ताडून निकालात निघतो. मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली नैसर्गिक इतिहास संस्था आणि १९१६ साली स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्या दृष्टीने आपले मौल्यवान दप्तरखाने आहेत. जनुकद्रव्याचा लहानसा तुकडा वाचून जाती ओळखण्याची पद्धती २००३ पासून पुढे आली, तेव्हा आता जुन्या पद्धतीच्या अभ्यासकांची गरज उरली नाही असे काहींना वाटू लागले. पण तुकडा कोणाचा, हे सांगण्यासाठी त्या जातीला आधी कोणीतरी रानात जाऊन ओळखलेले असावे लागते. आजवर नावे मिळालेल्या जाती वीस लक्षांच्या आसपास आहेत आणि २०११ सालच्या एका बहुचर्चित अंदाजाप्रमाणे एकूण जाती सुमारे सत्त्याऐंशी लक्ष असाव्यात. हे काम करणारी माणसे तयार करण्याकडे आपल्या विद्यापीठांनी जे दुर्लक्ष चालवले आहे ते मला अक्षम्य वाटते.

एखाद्या समूहाला जाती म्हणावे की पोटजाती, हा वाद केवळ पंडितांचा नाही, हे आफ्रिकेच्या हत्तींनी अलीकडेच दाखवून दिले. रानातला लहान चणीचा, सरळ सुळ्यांचा हत्ती १९०० साली स्वतंत्र जाती म्हणून वर्णिला गेला, नंतर माळरानावरच्या हत्तीची पोटजाती म्हणून त्याची खालच्या पायरीवर रवानगी झाली, आणि २००१ पासूनच्या जनुकीय तपासांनी दोघांचा वियोग फार जुना असल्याचे सिद्ध केले. काही टापूंत त्यांचा संकर होतो, म्हणून निर्णय लांबला. दोघांची एकत्र गणना होत होती तोवर आफ्रिकेचा हत्ती ‘असुरक्षित’ एवढ्याच वर्गात होता. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०२१ साली दोघांचा हिशेब प्रथमच वेगळा मांडला, तेव्हा माळरानावरचा हत्ती ‘संकटग्रस्त’ आणि रानातला त्याच्याही पुढच्या, ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात निघाला.